चोरीनंतरचा लेखक

वाङ्मयचौर्याचं एखादं प्रकरण उघडकीला आलं की चार दिवस जी चर्चा होते, ती जवळजवळ सगळी चोरणाऱ्याभोवती फिरते. त्याला अशी कोणती गरज होती, तो सापडला कसा, मिळालेला पुरस्कार परत घेणार का, नोकरी राहणार का. ज्याचं लेखन गेलं त्याचं नाव बातमीत एकदा येतं आणि पुढे त्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. हे पुस्तक त्या माणसाविषयी आहे. त्याच्यावर काय ओढवतं, ते किती वर्षं पुरतं, आणि आपण सगळे, म्हणजे संपादक, प्रकाशक, प्राध्यापक, वाचक, त्याला कसं एकटं पाडतो, हा त्याचा विषय. मराठीत चोरी पकडणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. दोन मजकूर शेजारी शेजारी छापून 'बघा' म्हणण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. चोरी झाल्यानंतर मूळ लेखक कसा जगतो, यावर मात्र फार थोडं लिहिलं गेलं आहे.

नील बॉवर्स हे अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात शिकवणारे कवी. वडिलांच्या मृत्यूविषयीची त्यांची एक कविता १९९० च्या सप्टेंबरमध्ये शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात छापून आली. १९१२ पासून चालत आलेलं हे मासिक. तिथे कविता येणं हा तिकडच्या कवीला मोठा मान वाटतो. १९९२ च्या सुरुवातीला एका तरुण कवयित्रीने बॉवर्स यांना कळवलं की तुमची कविता मी दुसऱ्याच एका नियतकालिकात, दुसऱ्याच माणसाच्या नावाखाली वाचली. शीर्षक बदललं होतं, काही ओळींत फेरफार होता, बाकी कविता तीच. डेव्हिड सम्नर असं नाव लावणाऱ्या त्या माणसाने ती देशभरच्या लहानलहान नियतकालिकांकडे धाडली होती आणि अनेकांनी ती छापलीही होती. त्यानंतर बॉवर्स पतीपत्नींचा मोठा काळ संपादकांना पत्रं लिहिण्यात, जुने अंक मागवण्यात, उत्तरांची वाट पाहण्यात गेला. त्यांनी वकील केला, खासगी गुप्तहेर नेमला. १९९७ साली बॉवर्स यांनी 'वर्ड्स फॉर द टेकिंग' या पुस्तकात ही सगळी हकिगत लिहिली.

ते पुस्तक वाचताना मला चोरापेक्षा भोवतालची माणसं अधिक अस्वस्थ करतात. चोर एकच आहे. त्याच्याभोवती खांदे उडवणारे, गप्प बसणारे, 'कविता चांगली होती म्हणूनच उचलली ना' अशी समजूत घालणारे पुष्कळ आहेत. कवितेसारख्या गोष्टीसाठी इतकी धावपळ करणारा माणूसच त्यांना थोडा चमत्कारिक वाटू लागतो. पण ती कविता कशाची होती? बॉवर्स यांचे वडील गेले होते. परक्या माणसाने ती आपल्या नावावर छापली तेव्हा दुसऱ्याच्या घरातला मृत्यूही त्याने आपल्या नावावर करून घेतला. तो मृत्यू कवितेसोबत कुठकुठे फिरला, कुणाकुणाची सहानुभूती त्याने मिळवली, हे मूळ कवीला शोधत बसावं लागलं.

असंच काही मी फार जवळून पाहिलं आहे. मी संपादनाचं काम करत असताना तालुक्याच्या गावातल्या एक शिक्षिका भेटायला आल्या. त्यांची कथा काही वर्षांपूर्वी एका छोट्या दिवाळी अंकात आली होती. आता तीच कथा, गावांची नावं बदलून, दुसऱ्या अंकात दुसऱ्या नावावर आली होती. पिशवीतून त्यांनी दोनशेपानी वही काढली. कथेत एक प्रसंग होता. आई गेली आहे, तिच्या सुजलेल्या हातातल्या पाटल्या निघत नाहीत, मोठी माणसं एकमेकांकडे बघत उभी आहेत, आणि धाकटी मुलगी मोरीवरून साबणाचा तुकडा घेऊन येते. वहीत हा प्रसंग तीन वेळा लिहिलेला होता. पहिल्यांदा 'मी साबण आणला' असं होतं. ते खोडून 'कुणीतरी साबण आणला' केलं होतं. तिसऱ्या वेळी 'धाकटीने' हा शब्द आला होता आणि पुढे प्रसंग न अडखळता वाहत गेला होता. चोरलेल्या कथेत आईची मावशी झाली होती, पाटल्यांच्या बांगड्या झाल्या होत्या. साबण तसाच होता. बाई त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा साबण मी आणला होता हो. नऊ वर्षांची होते मी."

आणि एवढं बोलून त्या लगेच तारखा सांगू लागल्या. अंक कधी निघाला, कथा रजिस्टर पोस्टाने पाठवल्याची पावती, छापण्याआधी कथा वाचलेल्या दोन सहकारी शिक्षकांची नावं. मी पुरावा मागितला नव्हता. पण त्या जिथे जिथे जाऊन आल्या होत्या तिथे तिथे त्यांना आधी पुराव्याबद्दलच विचारलं गेलं होतं. एका ठिकाणी तर, "तुम्हीच त्यांची कथा आधी वाचली नसेल कशावरून?" असंही.

मूळ लेखकाचं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं. घर फोडलं गेलं तर पोलीस घरमालकाला हे घर तुझंच कशावरून असं विचारत नाहीत. लेखन चोरीला गेलं की मात्र नेमकं तेच विचारलं जातं. याचं एक कारण असं की या चोरीत वस्तू जागच्या जागीच राहते. कथा अंकात आहेच, वहीतही आहे, मग तुमचं गेलं काय, असं पाहणाऱ्याला वाटतं. जे जातं ते दिसत नाही. 'हे मी लिहिलं' असं म्हटल्यावर समोरच्याने सहज मान डोलावण्याचा जो हक्क लेखकाला असतो, तो गेलेला असतो. काल जे वाक्य म्हणायची गरजही नव्हती, ते आज पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करणारा माणूस, तो कितीही खरा असला तरी, आरोपीसारखा दिसू लागतो.

वाचनाच्या क्रमाचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्याने नक्कल आधी वाचली त्याच्यासाठी तीच मूळ असते. नंतर कधी मूळ कथा त्याच्या हाती आली तर तो म्हणणार, हे कुठेतरी वाचलंय. अशा वाचकाला गाठून खुलासा देण्याचा कोणताही मार्ग लेखकाकडे नसतो; तो कुठल्या गावी, कुठल्या वाचनालयात बसला आहे हेही त्याला ठाऊक नसतं. त्या शिक्षिकांच्या कथासंग्रहाची वेळ आली तेव्हा ही कथा घ्यावी की नाही यावर त्या कितीतरी दिवस अडून होत्या. कथा त्यांचीच, सगळ्यात चांगली, आणि तीच बाजूला ठेवायचा विचार. कारण घेतली तर तळटीप द्यावी लागणार, आणि आईच्या मरणाच्या कथेखाली तळटीप देणं त्यांना सोसत नव्हतं.

पुढच्या लेखनावर होणारा परिणाम तर कुठल्याच निकालात मोजला जात नाही. चोरी सोसलेले लेखक हळूहळू हात आखडता घेतात, हे मी पाहिलं आहे. नवी कविता मैफलीत वाचायची नाही. अर्धवट कादंबरीतलं प्रकरण मित्राला द्यायचं नाही. संपादकाला हस्तलिखित पाठवताना प्रत्येक पानावर सही करायची. लेखनाच्या आतही ही भीती शिरते: जे अगदी आपलं, आपल्या घरातलं, तेच लिहायला हात धजत नाही, कारण तेच उचललं गेलं होतं. लेखक मग सावध, सर्वसाधारण, कुणाचंही असू शकेल असं लिहू लागतो. मराठी नियतकालिकांतलं मानधन पाहता चोरीमुळे बुडालेला पैसा बहुतेक वेळा किरकोळच असतो. पण या भीतीमुळे न लिहिल्या गेलेल्या गोष्टींचा हिशेब कोण देणार?

या विषयाचा विचार आपल्याकडे जुना आहे. राजशेखराने दहाव्या शतकाच्या आसपास 'काव्यमीमांसा' लिहिली. आपले पणजोबा अकालजलद यांना तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, म्हणजे त्याचं नातं आपल्या मुलखाशीही आहे. शब्दहरण आणि अर्थहरण या विषयांवर या ग्रंथात अध्याय आहेत. इतर चोऱ्या काळाच्या ओघात विसरल्या जातात, वाणीची चोरी मात्र मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही, असं तिथे सांगितलं आहे. आणि लगेच पुढे राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी, जी स्वतः जाणकार होती, तिचं मत येतं. कोणकोणत्या कारणांनी कवी दुसऱ्याचं उचलायला मोकळा होतो, याची ती यादी देते. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याची रचना प्रचारात नाही, माझी आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी. त्याने भाषेची कदर केली नाही, मी करतो. ते काव्य जाणणारे आता उरले नाहीत. त्याचा कर्ता दूर देशी आहे.

अभ्यासक ही यादी कवींना दिलेली सवलत म्हणून वाचतात. मला ती निराळी दिसते. तिच्यातलं एकही कारण काव्याच्या गुणाशी खऱ्या अर्थाने संबंधित नाही. प्रत्येक कारण मूळ लेखकाच्या दुबळेपणाचं माप आहे: त्याला कोण ओळखतं, त्याच्या बाजूने कोण बोलेल, तो इथवर येऊ शकेल का. हजारएक वर्षांपूर्वीची ती यादी आजही जशीच्या तशी लागू पडते. उचललं जातं ते बहुधा छोट्या अंकातलं, बंद पडलेल्या मासिकातलं, खेड्यातल्या बाईचं, नवख्या मुलाचं, वारलेल्या लेखकाचं, परभाषेतल्या माणसाचं. बोलीत लिहिणाऱ्याची कथा प्रमाण भाषेत 'सुधारून' घेतली जाते आणि वर त्यालाच सांगितलं जातं की आम्ही तिला रूप दिलं. गुळवेल आणि द्राक्षाची गोष्ट याहून वेगळी नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या कवितांचं काय होतं हे तर सगळे रोज पाहतात. आधी खालचं नाव गळून पडतं. मग काही दिवस ती 'अनामिक' म्हणून फिरते. मग कुणीतरी तिच्याखाली पु. ल., व. पु. किंवा कुसुमाग्रज लिहितं आणि ती पुन्हा जोरात धावू लागते. यात एकट्या चोराकडे बोट दाखवता येत नाही. हजारो हात थोडंथोडं पुसतात. मूळ कवी जिवंत असतो, आणि त्याला त्याचीच कविता सकाळी कुणीतरी 'वाचा, किती सुंदर आहे' म्हणून पाठवतं. 'ही माझी आहे' असं त्याने लिहिलं तर गटातली माणसं हसतात. मोठ्या नावापुढे त्याच्या खऱ्या नावावर कुणाचा विश्वास बसत नाही. हा अपमान लहान नाही आणि तो पुन्हा पुन्हा होतो.

मराठी माणसाला या सगळ्याची ओळख सालोमालोमुळे आहे. तुकोबांच्या अभंगांत त्याचा उल्लेख येतो, आणि दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटाने त्याला घराघरांत पोचवलं. त्या चित्रपटातला सालोमालो अभंग चोरून थांबत नाही. अभंग मुळात माझेच, तुक्याने ते माझ्याकडून घेतले, असा कांगावा तो करतो. चोरीचं हे टोक लिहिणाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. कारण चोराला नुसता मजकूर मिळून भागत नाही. मूळ लेखक उभा असेपर्यंत तो मजकूर त्याचा होत नाही. म्हणून लेखकाला खोटं पाडणं हा त्या चोरीचाच पुढचा भाग असतो. त्याच चित्रपटातलं 'आधी बीज एकले' हे गीत शांताराम आठवले यांनी लिहिलेलं आहे, आणि आजही असंख्य लोक ते तुकोबांचा अभंग म्हणून गातात. इथे चोरी कुणाचीच नाही, आणि आठवले यांच्या लेखणीला याहून मोठी दाद नसेल. तरीही त्यांचं नाव घेऊन ते गीत गाणारा माणूस क्वचित भेटतो, याची मला रुखरुख वाटते.

उसनं घेणं आणि चोरणं यांतला फरक इथेच सांगायला हवा, कारण चोरीचं समर्थन करणारे नेहमी त्याची सरमिसळ करतात. मराठी रंगभूमी उसनवारीवर वाढली आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव', पु. लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी'. ऋण उघड होतं, मूळ नाटककाराचं नाव घेतलेलं होतं, आणि त्यामुळे ना आगरकर लहान झाले ना पु. ल. उलट मूळ लेखक नव्या भाषेत, नव्या प्रेक्षकांपर्यंत आला. ज्याला खरंच काही नवं करायचं असतं त्याला मूळ नाव लपवायची गरज पडत नाही.

पण सीमारेषेवरची प्रकरणंही असतात आणि तिथे मूळ लेखकाची खरी परीक्षा होते. आर. जी. आनंद हे दिल्लीतले वास्तुविशारद, नाटकंही लिहायचे. १९५३ साली त्यांनी 'हम हिंदुस्तानी' लिहिलं आणि १९५४ च्या फेब्रुवारीत दिल्लीत त्याचे प्रयोग झाले. विषय प्रांतवादाचा: शेजारी राहणारं एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलांचं प्रेम, आईबापांचा विरोध. चित्रपट दिग्दर्शक मोहन सहगल यांनी नाटकाची प्रत मागवली. आनंद यांनी प्रत पाठवली नाही. दिल्लीला आलात तर वाचून दाखवीन म्हणाले. १९५५ च्या जानेवारीच्या सुमारास सहगल आले आणि आनंद यांनी आपल्या कचेरीत त्यांना सबंध नाटक वाचून दाखवलं. पुढे काहीच कळवलं गेलं नाही. १९५६ मध्ये सहगल यांचा 'न्यू दिल्ली' पडद्यावर आला. त्यातही प्रांतवाद होता, पंजाबी तरुण होता, मद्रासी तरुणी होती.

आनंद न्यायालयात गेले. खाली हरले, उच्च न्यायालयात हरले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. न्या. मुर्तझा फजल अली यांच्या निकालपत्रातलं तत्त्व आजही प्रत्येक कॉपीराइट खटल्यात सांगितलं जातं: कल्पना, विषय, कथानकाचा गाभा यांवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर, अभिव्यक्तीवर. दोन्ही कृती पाहिलेल्या प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे अशी निःसंशय जाणीव झाली पाहिजे. चित्रपटात हुंड्याचा आणि परप्रांतीयाला घर भाड्याने न देण्याचा विषयही होता, फरक साम्यांहून जास्त होते, म्हणून नक्कल सिद्ध झाली नाही. तत्त्व म्हणून मला हा निकाल योग्य वाटतो. प्रांतवादावर एकदा कुणी नाटक लिहिलं म्हणून दुसऱ्याने त्या विषयाला हात लावायचा नाही, असं झालं तर साहित्यच थांबेल. पण मी त्या निकालाकडे दुसऱ्याही बाजूने पाहतो. विश्वासाने, स्वतःच्या कचेरीत बसून, पूर्ण नाटक वाचून दाखवलेला एक माणूस. चित्रपट आला तेव्हापासून अखेरच्या निकालापर्यंत २२ वर्षं. त्या वर्षांत त्यांना आपलं नाटक प्रेक्षकांपुढे ठेवण्यापेक्षा न्यायालयापुढे ठेवण्यात किती शक्ती घालवावी लागली असेल. हरलेल्या लेखकालाही जखम असते, आणि कायद्याच्या भाषेत तिला नाव नाही.

कायदा अगदी रिकामा आहे असंही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण दिलं आहे. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तयार होतो. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मला या कायद्यातलं कलम ५७ सगळ्यात मोलाचं वाटतं. लेखकाने आर्थिक हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या वादात १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाचं महत्त्व ठासून सांगितलं. तरी आपल्याकडचे किती लेखक हे कलम वाचून प्रकाशकासमोर बसतात? करार लेखी नसतो, असला तर एकच प्रत असते आणि ती प्रकाशकाच्या कपाटात. मुंबईत पटकथा लिहिणारी मुलं निदान स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये संहिता नोंदवतात. कथाकवितांच्या जगात तेवढीही सवय नाही.

संशोधनाच्या क्षेत्रात या चोरीचं रूप अधिक निर्दय असतं, कारण तिथे सगळा मान आधी कुणी शोधलं याला आहे. बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधले मायकेल डान्सिंगर यांनी आपला शोधनिबंध 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'कडे पाठवला होता. तो नाकारला गेला. ज्या तज्ज्ञाकडे तो गोपनीय परीक्षणासाठी गेला होता त्याने तोच निबंध, रुग्ण इटलीतले आहेत असं दाखवून, आपल्या नावावर दुसरीकडे छापला. पुढे तो मागे घेतला गेला. २०१६ च्या डिसेंबरमध्ये डान्सिंगर यांनी 'अ‍ॅनल्स'मध्येच त्या चोराला उद्देशून खुलं पत्र लिहिलं. त्या कामामागे निदान ४,००० तास होते असं ते त्यात सांगतात. त्यांनी पत्रात चोराचं नाव घेतलं नाही. विश्वास हा या चोरीतला दरवाजा असतो, हे आनंद यांच्या कचेरीत दिसतं तसंच इथेही दिसतं. परीक्षकाने वाचावं म्हणूनच निबंध दिलेला असतो. न देऊन चालत नाही.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, मग ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या पुढे अशा चढत्या पायऱ्या आणि चढत्या शिक्षा. नियम हवेच होते. पण त्यांचा सगळा रोख नक्कल करणाऱ्याच्या प्रबंधावर आहे. त्या टक्क्यांमध्ये ज्याचं काम आहे तो कोण, त्याला कुणी कळवलं का, हे त्या मोजमापातून कळत नाही. दोनशे पानांच्या प्रबंधात एक पान म्हणजे अर्धा टक्का. पण एखाद्या अभ्यासकाने दहा वर्षं गावोगाव फिरून काढलेला निष्कर्ष त्या एका पानात मावतो. शिवाय इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून उचललेला मजकूर शब्दांची जुळणी शोधणाऱ्या यंत्राला सहसा सापडत नाही. मराठी माध्यमातल्या प्रबंधांबाबत ही मोठी पळवाट आहे आणि ती वापरली जाते, हे या क्षेत्रातले सगळे जाणतात.

मूळ लेखक नेहमी सूडाने पेटलेला असतो, हा समजही चुकीचा आहे. १८९१ साली अकरा वर्षांच्या हेलन केलरने 'द फ्रॉस्ट किंग' नावाची गोष्ट लिहून बोस्टनच्या पर्किन्स संस्थेच्या संचालकांना वाढदिवसानिमित्त पाठवली. ती छापली गेली आणि लक्षात आलं की मार्गारेट कॅन्बी यांच्या एका गोष्टीशी ती फार जुळते. हेलनला ती गोष्ट कुणीतरी पूर्वी हातावर अक्षरं काढून ऐकवली असावी आणि ती स्मृतीत राहिली असावी. पर्किन्समध्ये त्या मुलीची चौकशी झाली; त्या चौकशीचा घाव तिच्या मनातून कधीच गेला नाही. कॅन्बी यांनी मात्र तिला उदारपणे समजून घेतलं, तिच्या स्मरणशक्तीचं कौतुक केलं. ही क्षमा फार सुंदर आहे. ती शक्य झाली याचं एक कारण असं की गोष्ट कॅन्बी यांचीच आहे याबद्दल तोवर कुणालाही शंका उरली नव्हती. माफ करणं हा मूळ लेखकाचा हक्क आहे, आणि आधी त्याचं लेखन त्याचं म्हणून मान्य केल्याशिवाय तो हक्क त्याला वापरता येत नाही. 'जाऊ द्या, सोडून द्या' असं त्याला सांगणारे हे विसरतात. त्याच्या हातात काही दिलेलंच नसतं, मग तो सोडणार काय?

लेखकांनी काय करावं, याचे व्यवहारी मार्ग पुस्तकात सविस्तर आले आहेत: खर्डे तारखेसह जपणे, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार फाडून न टाकणे, करार लेखी करणे. मला इथे संपादकांविषयी लिहायचं आहे, कारण ती माझी जात. चोरी सिद्ध झाल्यावर आपल्याकडे जो खुलासा छापतात तो बारीक टाइपात, आतल्या पानावर, 'अनवधानाने', 'तांत्रिक चुकीमुळे' अशा शब्दांत असतो. त्यात माफी वाचकांची मागितलेली असते. मूळ लेखकाचं नाव अनेकदा नसतंच. दिवाळी अंक तर वर्षातून एकदाच निघतो; खुलासा पुढच्या वर्षी येणार, तोवर मूळ अंक रद्दीत गेलेला, वाचक बदललेला, आणि लेखकाने एक वर्ष लोकांच्या नजरा झेललेल्या. हे बदलता येतं आणि त्याला पैसाही लागत नाही. चोरी कळली त्या आठवड्यात संपादकाने मूळ लेखकाला स्वतः फोन करावा. पुढच्या अंकाची वाट न पाहता स्वतंत्र निवेदन काढावं. कथा ज्या आकाराच्या टाइपात छापली त्याच आकारात मूळ लेखकाचं पूर्ण नाव, मूळ अंकाचं नाव आणि साल द्यावं. त्याची इच्छा असेल तर मूळ कथा पुन्हा, त्याच्या नावाने, पूर्ण छापावी, आणि नक्कलकाराला द्यायचं मानधन त्याच्या पत्त्यावर पाठवावं.